जमीन मुंबईची, सही दिल्लीची?

गिरगावकर:
आमच्या स्टेशनच्या पुलाला दोन रंगांच्या फरश्या आहेत. राखाडी एका खात्याच्या, लाल दुसऱ्याच्या. पहिलं खातं केंद्राच्या हाताखालचं, दुसरं इथलंच. बरोबर जोडावरची ट्यूबलाइट चार महिने बंद आहे. दोन्हीकडे अर्ज दिले, उत्तर एकच: "आमच्या हद्दीत येत नाही."
पुलाचं सोडा, कांजूरमार्ग आठवा. २०२० मध्ये राज्याने मेट्रो ३ ची कारशेड आरेतून तिथे हलवली. केंद्र म्हणालं, जमीन मिठागरांची, म्हणजे आमची. डिसेंबरात उच्च न्यायालयाची स्थगिती आली. २०२२ मध्ये राज्यात सरकार बदललं आणि कारशेड परत आरेत. घटनेच्या सातव्या अनुसूचीत जमीन राज्यसूचीत, म्हणजे राज्यांनी कायदे करायच्या विषयांत, आहे ना? मग हा खेळखंडोबा कशाला? लोकल केंद्राची, बंदर केंद्राचं, मिठागरं केंद्राची. राज्याकडे उरलं काय, खड्डे?

कुर्ला_फास्ट:
राज्यसूचीत विषय आहे म्हणजे सातबाराही राज्याचा, असं नसतं हो. कायदा करायचा अधिकार वेगळा, मालकी वेगळी. आणि लोकल राज्याकडे दिली तर भाडं कोण ठरवणार, दर निवडणुकीला नवा मंत्री? मी कुर्ल्याहून रोज सकाळची गाडी पकडतो. मला ती वेळेवर हवी, संघराज्य नंतर बघू.

हिशेबनीस:
जमिनीवर भांडताय, पण खरी चावी तिजोरीला आहे. जकात होती तोवर मुलुंड-दहिसरच्या नाक्यांवरून पालिकेच्या हातात रोकड यायची. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली. आता पालिका भरपाईसाठी राज्याकडे बघते आणि राज्य जीएसटी परिषदेकडे, म्हणजे केंद्र आणि राज्यांचे मंत्री मिळून या कराचं ठरवतात तिकडे. तिथलं मतांचं गणित बघा: केंद्राचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, ठराव व्हायला हवेत तीन चतुर्थांश. म्हणजे सगळी राज्यं एक झाली तरी केंद्राशिवाय पान हलत नाही. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं की परिषदेच्या शिफारशी बंधनकारक नाहीत, पण वेगळी वाट धरायची छाती कुठल्या राज्याची आहे?

कुर्ला_फास्ट:
केंद्रालाही राज्यांशिवाय ठराव करता येत नाही, हे सोयीस्कर विसरलात. एक तृतीयांशाने काय होतं?
आणि ते "मुंबई कर भरते, दिल्ली खाते" तर नकोच. केंद्राच्या करांतून राज्यांना किती द्यायचं ते सुचवणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाने त्या वाटपाच्या रकमेतले ६.३१७ टक्के महाराष्ट्राला दिले, उत्तर प्रदेशला १७.९३९, हे ठाऊक आहे. पण खाण झारखंडात आणि कंपनीचं मुख्यालय नरिमन पॉइंटला असेल, तर तो कर मुंबईने कमावला की मुंबईत नुसता भरला गेला?

हिशेबनीस:
हा मुद्दा मान्य, मीही घरी हेच सांगतो. पण उपकर आणि अधिभार, म्हणजे केंद्राने वर लावलेले जादा कर? ते वाटपात धरतच नाहीत. राज्यांचा वाटा ४१ टक्के म्हणायचं आणि ज्यातून तो काढायचा ते भांडंच लहान ठेवायचं. झारखंडलाही त्यातलं काही मिळत नाही.

मधली_सुट्टी:
दिल्लीला शिव्या देऊन झाल्या असतील तर मंत्रालयाकडेही बघा. मार्च २०२२ ला पालिकेची मुदत संपली, निवडणूक झाली जानेवारी २०२६ ला. मधली जवळजवळ चार वर्षं देशातल्या सर्वात श्रीमंत पालिकेत एक नगरसेवक नाही, कारभार प्रशासकाचा. प्रकरण कोर्टात होतं, कबूल. पण कुठल्या पक्षाला फार घाई होती, तेही दिसलं. शहरांच्या पालिकांना अधिकार देणारी १९९२ ची ७४ वी घटनादुरुस्ती कशासाठी होती मग? महानगराचा विकास बघणारी एमएमआरडीए, घरं बांधणारी म्हाडा, झोपडपट्टी पुनर्वसनाची एसआरए, सगळ्यांच्या दोऱ्या राज्याच्या हातात. केंद्राने केलं की आक्रमण, आपण केलं की प्रशासन. आपला तो बाब्या!

गिरगावकर:
बाब्या मान्य. पण पालिका नुसती मोकळी करून भागणार नाही, पुलाचा राखाडी अर्धा तिच्याकडे कुठे आहे?
अवांतर: काल रात्री जोडावर उजेड दिसला. कोणत्या खात्याने लावला म्हणून वर पाहिलं, तर पिवळा बल्ब, आणि वायर खाली वडापावच्या गाडीपर्यंत गेलेली.