ठाण्यात सेकंडहँड व्हेरिटो डिझेल: घ्यावी का, आणि काय काय तपासावं?

घोडबंदरकर

कासारवडवली ते महापे, रोज जाऊन-येऊन पन्नासेक किमी. महिन्यातून एकदा नाशिक. मागे तीन मोठी माणसं आरामात बसली पाहिजेत आणि डिकी मोठी हवी. बजेट दोन लाखांच्या आत. दोन गाड्या नजरेत आहेत: २०१० ची लोगन डीएलएस डिझेल आणि २०१४ ची व्हेरिटो डी६. लोगन बरीच स्वस्त आहे. गाडी एकच असेल तर जास्तीचे पैसे कशाला द्यायचे? दोन्ही गाड्यांत नेमकं काय बघू?

पाना_१०_११

गाडी एकच, हे खरं. डाचियाने २००४ मध्ये रोमानियात काढलेली लोगन २००७ पासून महिंद्र-रेनॉच्या भागीदारीत नाशिकला बनायला लागली. २०१० मध्ये भागीदारी मोडली, २०११ मध्ये तीच गाडी व्हेरिटो झाली. इंजिन तेच, रेनॉचं १.५ डीसीआय डिझेल, ६५ हॉर्सपॉवर. तरीही २०१० ची घेऊ नका. कारण यांत्रिक नाही, कागदाचं आहे.

खासगी गाडीचं आरसी १५ वर्षांचं असतं. ते संपलं की फॉर्म २५ भरून आरटीओत गाडी दाखवायची, फिटनेस पास झाली की पाच वर्षं वाढवून मिळतात, आणि वर पर्यावरण कर. म्हणजे स्वस्त लोगनच्या किमतीत हा खर्च आणि त्याआधीची डागडुजी धरा. विकणारा 'आरसी रिन्यू होतंच हो' म्हणाला तर म्हणावं, मग तुम्हीच करून द्या, नंतर पैसे.

दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांवरची बंदी ही दिल्लीकडची गोष्ट, आपल्याकडची नाही. त्या भीतीने भाव पाडता आला तर मात्र जरूर पाडा.

घोडबंदरकर

धन्यवाद. म्हणजे २०१४ ची. ती ९४ हजार चाललीय म्हणतात. टायमिंग बेल्ट 'हल्लीच बदललाय', पण बिल नाही.

डिझेलबुवा

बिल नाही म्हणजे बेल्ट बदललेला नाही, असंच धरून चाला. हे इंजिन बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हला भिडणारं आहे. बेल्ट गेला की हेड उतरलंच. भाव ठरवतानाच पूर्ण बेल्ट-किटचा खर्च वजा करा आणि गाडी घरी आली की पहिल्या आठवड्यात काम उरका.

काम सांगताना गॅरेजला या गोष्टी आधी विचारा.

एक, क्रँकच्या (पिस्टन फिरवतात त्या मुख्य शाफ्टच्या) पुढच्या गिअरला या इंजिनात चावी, म्हणजे गिअर शाफ्टवर घसरू नये म्हणून बसवतात ती लोखंडी पट्टी, नसते. तो फक्त पुलीच्या बोल्टच्या आवळणीवर धरलेला असतो. म्हणून बोल्ट सैल करण्याआधी क्रँक ब्लॉकमधल्या पिनने आणि कॅमचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या शाफ्टचा) गिअर हेडमधल्या भोकात ८ मिमीची पिन घालून लॉक करावा लागतो. 'पेंटने खूण मारतो आणि बसवतो' म्हणणाऱ्याकडे गाडी सोडू नका. मारुतीवर चालतं ते इथे चालत नाही.

दोन, बेल्टबरोबर टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) आणि वॉटर पंपही बदला. पंप त्याच बेल्टवर फिरतो. वर्षभराने तो गळला की सगळी मजुरी पुन्हा.

तीन, बाहेरचा बेल्ट, म्हणजे अल्टरनेटर आणि एसीचा. हा लोक विसरतात. तो झिजून धागे सुटले की पुलीमागून आतल्या टायमिंग बेल्टमध्ये गुंततात आणि टायमिंग उडतं. नवा कोरा टायमिंग बेल्ट बाहेरच्या जुन्या बेल्टमुळे गेला, असं या इंजिनात होतं. तोही टेन्शनरसकट बदला. पुलीचा बोल्ट नवाच घ्या, तो एकदाच ताणायचा असतो.

पुढचा बदल ८० हजार किमी किंवा पाच वर्षं, जे आधी येईल ते. गाडी कमी चालली तरी रबराचं वय वाढतंच.

आता डिझेलची लाइन. डिझेलचा पंप आणि इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारे) डेल्फी कंपनीचे. पंपाला वंगण डिझेलचंच, त्यामुळे तो कोरडा फिरला की आतून धातूचा चुरा सुटतो आणि तो थेट इंजेक्टरमध्ये जातो. हे कधी होतं? फिल्टर बदलल्यावर मेकॅनिक हवा न काढता नुसता सेल्फ मारत बसतो तेव्हा. बोनेटखाली डिझेलच्या पाइपवर काळा रबरी फुगा आहे, तो कडक होईपर्यंत दाबायचा, मगच चावी फिरवायची. फुगा चिरला असेल तर आधी तो बदला. पावसाळ्यात फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून पाणी काढत जा.

बघायला जाल तेव्हा इंजिन गार हवं. आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी जा. वरचं कव्हर काढून इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखा काळा चिकट थर आहे का ते पाहा. असेल आणि 'चुफ चुफ' आवाज येत असेल तर खालचे तांब्याचे वॉशर गेलेत. वॉशर क्षुल्लक किमतीचा, पण उशीर झाला की इंजेक्टर हेडमध्ये अडकतो आणि काढताना रडवतो. शंका आली तर रिटर्न टेस्ट करून घ्या: चारही इंजेक्टरच्या रिटर्न पाइपला सारख्या बाटल्या लावायच्या, इंजिन काही मिनिटं चालवायचं. एखादी बाटली बाकीच्यांपेक्षा भराभर भरली तर तो इंजेक्टर गेला. इंजेक्टर बदललेला असेल तर त्यावरचा सोळा अक्षरी कोड स्कॅनरने ईसीयूमध्ये (इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये) घातलाय का, हेही विचारा. न घातल्यास आयडलिंगला थरथर आणि धूर.

ऑइल साधारण साडेचार लिटर बसतं, डिपस्टिक बघूनच भरा.

पारसिकचा_उतार

बुवांनी इंजिन सांगितलं, मी खालचं सांगतो.

डावा एक्सल. या गिअरबॉक्समध्ये डाव्या बाजूचा आतला जॉइंट गिअरबॉक्सच्या तेलातच असतो, म्हणून तिथला रबरी बूट फाटला की ग्रीस नाही, गिअर ऑइलच गळतं. बूट नुसता चकचकीत पुसलेला दिसला तर जास्तच संशय घ्या. गॅरेजने 'किरकोळ बूट आहे' म्हणून नुसता बूट बदलला तर गिअर ऑइलची पातळी बघायला सांगा. बाजूचा प्लग उघडून तेल भोकापर्यंत आलं की पुरे.

सस्पेन्शन दणकट आहे, पण लोअर आर्मचे बुश आणि बॉलजॉइंट खाल्लेले निघतात. घोडबंदरच्या सर्व्हिस रोडवर दहाच्या वेगात खड्ड्यातून न्या, काचा वर, एसी आणि रेडिओ बंद. 'टक टक' आली तर बॉलजॉइंट किंवा लिंक. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून थांबा. कण्हल्यासारखा आवाज आला तर हायड्रॉलिकचं तेल कमी किंवा पंप थकलाय.

मग गायमुखच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये १५०० आरपीएमवरून दाबा. ओढ २००० च्या आसपास यायला हवी. आली नाही आणि मागे काळा धूर, तर टर्बोचा पाइप सुटलाय किंवा फाटलाय. निळा धूर आला तर सरळ घरी या.

गंज: खाडीकाठच्या सोसायटीत उघड्यावर उभ्या गाड्यांचे दरवाज्यांचे खालचे काठ, सायलेन्सरचे क्लँप आणि एसीचा कंडेन्सर बघा. पुराचं पाणी: सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, आतल्या भागात चिखलाची रेघ दिसते. स्टेपनीची खोबणी आणि पुढच्या मॅटखालचा फोमही चाचपा. टायर १८५/७० आर १४. बाजूला चार आकडे असतात, आठवडा आणि वर्ष. ९४ हजार चाललेल्या गाडीवर २०१४ चेच टायर असतील तर काहीतरी जुळत नाही, कारण विचारा.

कोपरी_पूल

एवढा खटाटोप करण्यापेक्षा डिझायर घ्या की राव.

पाना_१०_११

डिझायर चांगलीच. पण प्रश्न मागच्या तिघांचा आहे. व्हेरिटोची डिकी ५१० लिटर, ग्राउंड क्लिअरन्स १७२ मिमी, आणि मागची सीट खरोखर तिघांची. चार मीटरच्या आत कापलेली नाही, त्यामुळे छोट्या गाडीची करसवलत हुकली आणि खपही. आता सेकंडहँडला तोच आपला फायदा. व्हेरिटो व्हाइब म्हणून दाखवतील ती वेगळी, डिकी कापलेली, ती नको.

मुख्य सावधगिरी: या गाड्या टॅक्सीत भरपूर गेल्या. आरसीवर आधी परमिट होतं का, ते एमपरिवहनवर आणि मूळ कागदांत तपासा. पिवळी पाटी पांढरी करून घेतलेली ९४ हजारांची व्हेरिटो म्हणजे आकड्याला फारसा अर्थ नाही. पेडलचं रबर आणि ड्रायव्हर सीटची उजवी कड खरा आकडा सांगतात.

घोडबंदरकर

पार्ट मिळतात का?

डिझेलबुवा

इंजिनचे सहज. हेच इंजिन डस्टर, मायक्रा, सनीत आहे, त्यामुळे बेल्ट-किट, फिल्टर, इंजिन फाउंडेशन वागळे इस्टेट किंवा तुर्भ्याला सांगून ठेवले तर अडत नाही. अडतं ते बाहेरचं. २०१२ ला तोंड आणि दिवे बदलले, म्हणून लोगनचा दिवा २०१४ च्या व्हेरिटोला बसत नाही. हेडलॅम्प, टेललॅम्प, बंपर यांपैकी काही फुटलेलं असेल तर सौद्याआधी कुर्ल्याला फोन करून किंमत काढा.

एक बारीक गोष्ट: ग्लो प्लग (गार डिझेल इंजिन सुरू होण्यासाठी आत गरम करणारा) मेलेला ठाण्यात कळत नाही, इथे थंडी कुठे? डिसेंबरात नाशिकला पहाटे कळतो. चारही मीटरने तपासून घ्या.

पाना_१०_११

आणि पैसे देण्याआधी: नावबदलाच्या फॉर्म २९, ३० वर सही, कर्ज होतं तर बँकेची एनओसी आणि आरसीवरची कर्जाची नोंद काढायचा फॉर्म ३५, महाट्रॅफिकवर थकलेली चलनं, विमा, पीयूसी. २०१४ ची आहे म्हणजे नवी सुरक्षा नंबरप्लेटही लागणार. लावलेली नसेल तर विकणाऱ्यालाच लावायला सांगा, कारण आरसी अजून त्याच्या नावावर आहे.