केळीचा भाव आणि लाल बाण

‘जाहिराती पेपरातून मोबाइलवर गेल्या, म्हणून बातमी स्वस्त झाली’ असं म्हणतात, ते बरोबरच. पण सगळं खापर इंटरनेटवर फोडवत नाही. आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या यावल-रावेरकडे वार्ताहरच दिवाळी अंकाच्या जाहिराती गोळा करत फिरायचा. ज्याच्याकडून अर्ध्या पानाचे पैसे घ्यायचे, त्याच्याविरुद्ध तो काय डोंबल लिहिणार? हे २०१६ मध्ये जिओ आलं त्याच्या कितीतरी आधीचं.

फरक पडला तो वेगळा. आप्पा सकाळी पेपर उघडून आधी केळीचा भाव बघायचे. एक ओळ, क्विंटलचा आकडा, संपलं. आता यूट्यूबवर लाल बाण, भेदरलेला चेहरा आणि ‘केळी कोसळली!’ अकरा मिनिटं बघूनही भाव कळत नाही. शेवटी फोन व्यापाऱ्यालाच, आणि तो त्याच्या सोयीचाच सांगणार.

हे निदान खिशापुरतं. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा आठवतंय ना? १ जुलै २०१८, बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होत्या, आणि भिक्षा मागून जगणाऱ्या डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा जाहीर केली.

जुन्या वार्ताहरानं, जाहिराती मागणारा का असेना, छापण्याआधी पोलिस ठाण्यात एक फोन तरी लावला असता. बहुतेक.