तीन वर्षांच्या घोड्याला कटिंगच्या रिंगणात उतरवावं का?

माळरान (धागाकर्ता): टेक्सासात फोर्ट वर्थला कटिंगची फ्युच्युरिटी, म्हणजे फक्त ३ वर्षांच्या घोड्यांची स्पर्धा, बघून आलो. कळपातून एक वासरू वेगळं काढायचं आणि परत कळपात घुसू द्यायचं नाही, हे कटिंग. रँचवर, म्हणजे गुरं पाळायच्या मोठ्या कुरणावर, आजारी जनावर बाजूला घ्यायचं तर हेच करावं लागतं. त्याचीच ही अडीच मिनिटांची स्पर्धा; ही फ्युच्युरिटी १९६२ पासूनची. वासरू वेगळं झालं की स्वार लगामाचा हात मानेवर टेकवतो. त्यानंतर लगाम खेचला तर गुण जातात. घोडा पुढचे पाय फाकवून इतका खाली बसतो की छाती मातीला लागेल असं वाटतं. वासराने नुसती मान वळवली तरी तोही वळलेला असतो. अंगावर काटा आला. पण सगळे घोडे ३ वर्षांचे, म्हणजे दुसऱ्या वर्षीच पाठीवर खोगीर! घोड्याच्या कण्याची हाडं पाच-साडेपाच वर्षांपर्यंत भरत असतात. हे थांबायला हवं.

खूरखडा: असहमत. कोवळ्या वयातल्या बेताच्या कामाने हाडं मजबूत होतात, नुसतं तबेल्यात उभं ठेवून नाही. पुढच्या गुडघ्यावरची वाढ अडीच वर्षांच्या सुमारास थांबते. आणि गुरांची ओढ क्वार्टर हॉर्सच्या (या खेळातल्या अमेरिकी जातीच्या घोड्याच्या) रक्तातच असते, शिंगरूसुद्धा वासरामागे धावतं.

बांधावरचा: आमच्याकडे खोंड दोन दाती झाल्याशिवाय औताला जुंपत नाहीत. जनावराचं वय बघायलाच हवं.

खूरखडा: दोन दाती म्हणजे अडीच वर्षांच्या आसपासच की, दादा!

बांधावरचा: मान्य. पण खोंडाला आम्ही आधी हलक्या कामाला लावतो, शर्यतीला नाही.

माळरान: खूरखडा, बेताच्या कामाला माझाही विरोध नाही. पण पूर्ण वेगात थांबून गर्रकन वळायचं, तेही महिनोन्‌महिने सरावात, हे बेताचं कसं? मागच्या पायांच्या सांध्यांत इंजेक्शनं घेणारे तरुण घोडे या खेळात नवे नाहीत. कॅलिफोर्नियातले जुने व्हकेरो, म्हणजे घोड्यावरून गुरं राखणारे, आधी नुसत्या नाकपट्टीवर शिकवायचे, तोंडात कडी फार उशिरा द्यायचे. घोडा तयार व्हायला कित्येक वर्षं जायची, आणि तो म्हातारपणापर्यंत कामाला यायचा.

खूरखडा: तेवढी वर्षं घोडा पोसायचा खर्च कोण करणार? बक्षिसाची मोठी रक्कम ३ वर्षांच्या घोड्यांवरच आहे.

माळरान: मग तीच रक्कम ५ वर्षांच्या घोड्यांवर लावा. पैसा तिकडे गेला की प्रशिक्षकही थांबतील.