केकोवा: पोहायचं कुठे?

केकोवाच्या बुडालेल्या शहरावर पोहता येतं का, असं बरेचदा विचारलं जातं. नाही, आणि ते योग्यच आहे. तुर्कस्तानातल्या केकोवा बेटाच्या उत्तर काठाची लिशियन (प्राचीन लिशिया प्रदेशातली) वस्ती इ.स. दुसऱ्या शतकातल्या भूकंपात खचली. तिथे बोट फक्त हळू नेतात. खडकात कोरलेले जिने थेट पाण्यात उतरलेले दिसतात. पोहण्यासाठी जवळपासच्या खाडीत नांगर टाकतात.

पण समोरच्या किनाऱ्यावरच्या कालेकोय गावाला, म्हणजे प्राचीन सिमेनाला, उतराच! किल्ल्यात खडकात कोरलेलं इवलंसं नाट्यगृह आहे, खाली उथळ पाण्यात उभी दगडी शवपेटी. चढ खडा आहे, ओल्या स्लिपर नकोत. ग्रुपमध्ये वयस्कर मंडळी असतील तर काश शहराऐवजी जवळच्या उचाअझ गावाहून बोट घ्या, समुद्रातला प्रवास बराच कमी होतो.