दिवस गेल्यावर ॲलर्जी: नाक, खाज, दमा, काय काय करता?

गोदाकाठ
गंगापूर रोडच्या कडेला गाजर गवत पांढऱ्या फुलांनी भरलंय. ते बघून दिवस गेले म्हणून एका दिवसात सगळी औषधं टाकून देणाऱ्या मुली आठवल्या. आधी हे वाचा: दम्याचा पंप मनाने बंद करू नका. आईचा श्वास कोंडला की बाळालाही प्राणवायू कमी पडतो. पंपातल्या बुडेसोनाइडपेक्षा आटोक्याबाहेरचा दमा बाळाला जास्त घातक. पंप ओढून झाला की चूळ भरायची, नाहीतर तोंडात बुरशीचा पांढरा थर येतो. नाकासाठी कोण काय करतं ते मापासकट लिहा गं.

सिडकोवाली
मिठाचं पाणी. २४० मिली पाणी पाच मिनिटं खळखळ उकळायचं, कोमट झालं की पाव चमचा आयोडीन नसलेलं मीठ नि चिमूटभर खायचा सोडा. नळाचं कच्चं पाणी नाकात नकोच, क्वचित का होईना त्यातला अमीबा मेंदूपर्यंत जातो. मीठ कमी पडलं तर झोंबतं. बेसिनवर वाकून डोकं एका कुशीला, तोंड उघडं, श्वास तोंडानेच. वरच्या नाकपुडीत धार सोडली की खालच्या नाकपुडीतून बाहेर येते. मग हलकेच शिंकरा, एका वेळी एकच बाजू. दोन्ही दाबून जोर केला की पाणी कानाकडे जातं.

जुनं नाशिक
भांडी बाजारातलं तांब्याचं नेतीपात्र चालेल?

सिडकोवाली
नको, मिठाने तांबं उतरतं. प्लास्टिकची बाटली घे, रोज धुऊन पालथी घाल.

औषधवाली
मेडिकलमध्ये नुसतं "सर्दीची गोळी द्या" म्हणू नका. त्या बहुतेक मिश्र असतात: पॅरासिटामॉल, क्लोरफेनिरामाइन, फेनिलेफ्रिन. शेवटचं रक्तवाहिन्या आकसवतं, पहिल्या तीन महिन्यांत तर टाळाच. पट्टीच्या मागची बारीक अक्षरं वाचा. डॉक्टर साधारण एकच घटक देतात, सेटिरिझिन किंवा लोराटाडिन, १० मिग्रॅ दिवसातून एकदा. नाक मोकळं करणारे झायलोमेटाझोलिनचे थेंब ३ ते ५ दिवसांपुढे गेले की नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं. बुडेसोनाइडच्या फवाऱ्याला उलट काही दिवस लागतात, दोन दिवसांत सोडू नका. उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, टोक डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे. मधल्या पडद्यावर मारला की रक्त येतं.

मखमलाबाद
बागेत गंधकाची धुरळणी चालू असली की खिडक्या बंद. गाजर गवत फुलावर येण्याआधी उपटायचं, हातमोजे घालून, आणि पोटुशीने नाहीच. या दिवसांत कपडे घरात वाळवा, परागकण चिकटतात. गोधडी आठवड्याला ६० अंशांच्या पाण्यात. नुसतं झटकून धुळीतले किडे मरत नाहीत.

लाडूबाई
आमच्याकडे रविवारी डोहाळजेवण, लाडवात शेंगदाणे आहेत. बाळाला ॲलर्जी होईल म्हणून काढू का?

गोदाकाठ
आईला स्वतःला ॲलर्जी नसेल तर काढायची गरज नाही, तिने टाळून बाळाची टळत नाही. तिला असेल तर मात्र खलबत्ताही वेगळा हवा. दाणा पोटात जाऊन ओठ सुजले, दम लागला तर मांडीच्या बाहेरच्या बाजूला ॲड्रेनालीनचं इंजेक्शन, गरोदरपणातही पहिलं औषध तेच. डाव्या कुशीवर निजवून १०८ लावा. लाडू कसले, डिंकाचे?

लाडूबाई
हो, खारीक जास्त घातलीय.

सातवा लागला
शिंका नाहीत, खाज नाही, नुसतं नाक बंद, रात्री जास्त.

औषधवाली
ॲलर्जी नसावी ताई. गरोदरपणात नाकाचं अस्तर सुजतं, बाळंतपणानंतर दोनेक आठवड्यांत उतरतं. सेटिरिझिनने फरक पडत नाही. डोक्याकडून पलंग उंच करा, मिठाचं पाणी चालू ठेवा.

सिडकोवाली
खाजेबद्दल एक. शेवटच्या तीन महिन्यांत पुरळ नसताना तळहात-तळपाय रात्री खाजत असतील तर कॅलामाइन लावत बसू नका. यकृताचा त्रास असू शकतो, बाळाला धोका असतो. दुसऱ्याच दिवशी पित्ताम्ल आणि यकृताची रक्ततपासणी मागा.

मखमलाबाद
आणि बाळंतिणीला ओवा-शेपाची धुरी देणाऱ्यांनी दमा असेल तर ती देऊच नये. शेक हवा तर गरम पाण्याच्या पिशवीने.

जुनं नाशिक
ते मीठ, सैंधव चालतं का गं?

सिडकोवाली
पाकिटावर आयोडीनयुक्त लिहिलेलं नसेल तर चालतं. बारीक कुटून घे, खडे तळाशी राहिले तर माप चुकतं.