प्रभुभोजन बाईंच्या हातून घेणार नाही म्हणतात. कमिटीत काय बोलू?

खजिनदारबाई

सगळ्यांना सलाम.

नगर जिल्ह्यातली आमची ख्रिस्ती मंडळी (म्हणजे चर्च), साठ-सत्तर घरांची. नाव लिहीत नाही, लिहिलं तर उद्या सकाळी सगळे दारात. मी झेडपीच्या शाळेत शिक्षिका, आणि बारा वर्षं पास्टोरेट कमिटीची (मंडळीचा कारभार बघणारी) खजिनदार. म्हणजे सुगीच्या सणाला आलेल्या कोंबड्यांचा आणि बाजरीचा लिलाव झाला की वहीत आकडे लिहिणारी मी.

पाळकसाहेबांची (आमच्या धर्मगुरूंची) बदली झाली. त्यांच्या जागी बी.डी. (धर्मशिक्षणाची पदवी) केलेल्या, रीतसर दीक्षा झालेल्या बाई येणार असं पत्र आलंय. पत्र वाचून झालं आणि चारपैकी दोन वडील (आमच्याकडे एल्डरना वडील म्हणतात) म्हणाले, उपदेश एकवेळ ऐकू, पण प्रभुभोजन (येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा विधी) त्यांच्या हातून घेणार नाही. एकाने बायबलमधल्या तीमथ्याच्या पहिल्या पत्राचा दुसरा अध्याय उघडूनच ठेवला होता, बाईने शिकवू नये, पुरुषावर अधिकार चालवू नये म्हणणारा.

आता हे ऐका. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं. आदल्या रात्री काळे मनुके मी भिजत घालते. पहाटे उकळते, कुस्करते, मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळते, कारण एकदा एका पेल्यात बी निघाली होती आणि वर्षभर ऐकून घेतलं. छोटे काचेचे पेले मी धुते, मोजते. ब्रेडच्या कडा काढून तुकडे मी करते. मेजावरचं पांढरं कापड माझ्या घरी इस्त्री होतं. हे सगळं बाईच्या हातचं चालतं, फक्त शेवटचे चार हात अंतर चालत नाही!

पण खरं सांगायचं तर माझ्याही मनात शंका आहेत. रात्री-अपरात्री मयताला जायचं, तीन वाड्यांवर उपासना घ्यायची, शेवटची एसटी साडेसहाला सुटते. बाईंना एकटीला जमेल का, असं मलाही वाटून गेलं. मग स्वतःचीच लाज वाटली.

शनिवारी मीटिंग आहे. वचनाला वचनानेच उत्तर द्यावं लागेल. कुणाकडे काही आहे का?

पाळकाची_लेक

ताई, मनुक्यांचं वाचून आई आठवली.

माझे वडील (एल्डर नव्हे, खरेखुरे वडील) पाळक होते. आई पाळकीणबाई. पगार एकाला, काम दोघांना. शब्बाथशाळा (रविवारची बायबलची शाळा) आई घ्यायची, महिला मंडळ आईचं, बाळंतिणीकडे आई, भांडण झालेल्या घरी आधी आई. वडील टायफॉइडने पडले तेव्हा तीन रविवार उपदेशही तिनेच केला. त्याला 'साक्ष' म्हणायचं असं ठरलं होतं, उपदेश म्हणायचं नाही. वडील गेले आणि तीन महिन्यांत पाळकगृह रिकामं करायला सांगितलं. कागदावर ती कुणीच नव्हती ना.

आता वचनाचं. ते तीमथ्य काढतील, नाहीतर करिंथकरांस पहिल्या पत्राचा १४ वा अध्याय, स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावं तो. तुम्ही त्याच पत्राचा ११ वा काढा. तिथे पौल (ही पत्रं लिहिणारा प्रेषित) सांगतो, स्त्रीने प्रार्थना करताना आणि संदेश देताना मस्तक झाकावं. गप्पच बसवायचं होतं तर पदर कशाला सांगितला? मग रोमकरांस पत्राचा १६ वा. पहिलंच नाव फिबीचं, किंख्रियाच्या मंडळीची सेविका. मुळात तिथे ग्रीक शब्द 'दियाकोनस' आहे, पौल स्वतःलाही तोच लावतो. सातव्या ओवीत युनिया, तिची गणना प्रेषितांबरोबर. चौथ्या शतकातला धर्मगुरू ख्रिसोस्तोम तिला बाईच समजून तिची वाहवा करतो. पुढे काही शतकांनी लोकांनी तिचा पुरुष करून टाकला, प्रेषितांत बाई कशी असेल म्हणून.

आणि ग्रीकवरून आठवलं. केडगावला (दौंडजवळचं, नगरचं नव्हे) पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं. त्यांच्या मुक्ती मिशनमधल्या बायकाच छापखाना चालवायच्या. रमाबाई १९२२ साली वारल्या, पुस्तक १९२४ ला बाहेर आलं. तुमच्या त्या वडिलांना विचारा, बाईने केलेलं भाषांतर वाचलं तर चालतं का.

वडील६९

ताई, सलाम. मी दुसऱ्या जिल्ह्यातला, पण तुमच्या त्या दोघांच्या जागी मीही असतो, म्हणून लिहितो. शिव्या नंतर द्या.

प्रभूने बारा निवडले ते पुरुष. मार्था, मरीया जवळ असताना पुरुष निवडले. हे मला ओलांडता येत नाही. माझ्या पत्नीने तीस वर्षं शब्बाथशाळा घेतली, मला तिच्यापेक्षा जास्त वचन पाठ नाही, हेही कबूल.

दुसरी गोष्ट कुणी बोलत नाही ती बोलतो. हे निर्णय वर होतात आणि खाली पत्र येतं. आमच्या बापजाद्यांनी दगड वाहून देऊळ (चर्च) बांधलं, आम्हाला कुणी बसवून विचारलं? पुष्कळांचा राग बाईंवर नसतो, पत्रावर असतो. तुम्ही मीटिंगमध्ये फिबी-युनिया काढाल, ते गप्प बसतील आणि रविवारी येणार नाहीत. त्यापेक्षा बाईंना आधी एकदा घरी चहाला बोलवा, त्या दोघांनाही बोलवा. वचन नंतर.

फौजेतली_मुलगी

मी मुक्तिफौजेच्या (साल्व्हेशन आर्मी, फौजेसारखे हुद्दे असलेली ख्रिस्ती संस्था) क्वार्टर्समध्ये वाढले. आमच्यात आई पण कॅप्टन, बाबा पण कॅप्टन, दोघांना सारखा गणवेश, दोघे आळीपाळीने उपदेश करणार. नगरच्या बूथ हॉस्पिटलमध्ये तुमच्यापैकी निम्म्यांचा जन्म झाला असेल. ते इव्हांजेलिन बूथ यांच्या नावाचं आहे. त्या १९३४ साली सगळ्या जगाच्या मुक्तिफौजेच्या जनरल झाल्या. जनरलची बायको नव्हे, जनरल.

एसटीचं म्हणाल तर माझी आई लूनावर मयताला जायची.

वडील६९

फौजेत प्रभुभोजन आणि बाप्तिस्मा हे विधीच करत नाहीत, बेटा. पेलाच नाही तर तो कुणाच्या हातात हा वाद कसा होईल?

फौजेतली_मुलगी

हे बरोबर आहे अंकल. 😀

वसईची

आमच्या कॅथलिकांत तर दार बंदच आहे. १९९४ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी लिहून टाकलं की स्त्रियांना धर्मगुरुपदाची दीक्षा देण्याचा अधिकार चर्चला नाही. पण गंमत बघा, ताई. तुमच्या वडिलांना जे नको आहे ते आमच्याकडे चालतं. मिस्सा (आमची उपासना) फादरच करणार, पण ख्रिस्तशरीर (तुमच्या प्रभुभोजनाची भाकर) वाटायला सिस्टर असतात, लग्न झालेल्या बायकाही असतात. माझी आत्या वाटते. रांगेतले म्हातारे निमूट हात पुढे करतात. म्हणजे 'बाईच्या हातून नको' ही सवयीची गोष्ट आहे, ती मोडते.

तिकडे इंग्लंडात कँटरबरीच्या आर्चबिशप (तिथल्या चर्चच्या सगळ्यांत वरच्या धर्मगुरू) म्हणून सारा मुलाली यांचं नाव ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर झालं, त्या पदावर पहिल्याच बाई. आधी नर्स होत्या. आपल्यात घरटी एक नर्स असते म्हणून मुद्दाम सांगितलं. आणि लांब कशाला, आपल्याच देशात आंध्रातल्या नंद्यालला चर्च ऑफ साउथ इंडियाने २०१३ सालीच बाईंना बिशप केलं, ई. पुष्पा ललिता.

खजिनदारबाई

मीटिंग झाली. लेकीचा ११ वा अध्याय उपयोगी पडला, पदराचं बोलल्यावर मागच्या बाकावरच्या बायका हसल्या. तीमथ्यवाले वडील मात्र नाही हसले. वडील६९, तुमचं ऐकून चहा मात्र आधीच केला होता, गुरुवारी, माझ्या घरी. बाई आल्या, तिघांनी मिळून पाऊण तास फक्त कांद्याच्या भावावर चर्चा केली. बाईंचं माहेर लासलगावकडचं निघालं.

ठराव असा झाला की बाईंनी यावं. दोघांपैकी एक जण तयार झाले. दुसरे म्हणाले, मी उपासनेला येईन, प्रभुभोजनाच्या वेळी बाहेर कडुनिंबाखाली बसेन. मिनिट्समध्ये तसंच लिहून घ्या म्हणाले. लिहिलं.

एसटीचं बाईंनाच विचारलं. त्यांच्याकडे स्कूटी आहे.

आता नवीनच घोळ. 'पाळकीणबाई' म्हणजे पाळकाची बायको, मग यांना काय म्हणायचं? आणि यांच्या मिस्टरांना? ते बँकेत आहेत. पोरांनी आत्तापासून 'पाळकबाई' सुरू केलंय. पेंटर फळा घेऊन बसलाय, 'रेव्ह.'च्या पुढे 'सौ.' घालू का विचारतो. पाळकसाहेबांच्या नावापुढे 'श्री.' होतं का, असं मी विचारलं. नव्हतं म्हणाला. मग नको म्हटलं.