घरच्या घरी परदेशी भाषा शिकताय? रोजचं रूटीन कसं बसवलंत ते सांगा (इंदूरकरांचा अनुभव धागा)

इंदुरात स्पर्धा परीक्षांचे आणि इंग्रजीचे क्लास ढिगाने आहेत, भंवरकुव्याला गेलं तर पाट्या वाचूनच माणूस दमतो. पण जर्मन, जपानी, फ्रेंच असलं काही शिकणारे आपल्यातले बरेच जण घरीच मोबाइल आणि वही घेऊन बसलेत हे गणपतीत गप्पा मारताना कळलं, म्हणून हा धागा. कुठलं ॲप भारी हे नका सांगू, ते सगळीकडे मिळतं. शिकवणारं कोणी नसताना आधी काय घ्यायचं, काय सोडायचं हे ठरवलं कसं, दिवसात ते बसवलं कुठे, आणि घरात लग्नकार्य निघालं, पाहुणे आले की त्याचं काय झालं ते लिहा. मला स्पॅनिश सुरू करायचंय, तेव्हा स्वार्थ आहेच.

सुदामानगरवाली

जपानी. आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं आणि त्या दिवशी सकाळ आपली नसतेच, मोटर लावा, टाकी बघा, पिण्याचं भरा. त्यामुळे मी टाइमटेबल वारांवर न लावता पाण्यावर लावलं. पाण्याच्या दिवशी फक्त मोबाइलवरची कार्डं (एका बाजूला शब्द, मागे अर्थ), ती पण मोटर चालू असताना उभ्या उभ्या, आणि बिनपाण्याच्या दिवशी वही उघडून व्याकरण. हसू नका, सोमवार-बुधवार-शुक्रवारवालं काहीच आमच्या घरात चाललं नसतं.

सुरुवात हिरागाना आणि काताकाना या दोन जपानी लिप्यांपासून, मूळ अक्षरं 46 आणि 46, हाताने लिहून. रोमन लिपीतलं जपानी वाचायचंच नाही असं पहिल्यापासून ठरवलं. व्याकरणाला मात्र मी फार वेळ दिला नाही. "वाताशी वा पोहा ओ ताबेमास" म्हणजे सरळसरळ मी पोहे खाते, क्रियापद शेवटी, आणि ते वा, ओ, नी, दे आपल्या प्रत्ययांसारखे शब्दाच्या मागे लागतात. इंग्रजीवाल्यांसाठी लिहिलेली पुस्तकं एवढंच समजावण्यात पानंच्या पानं घालवतात, ती मी भराभर उलटली आणि वाचलेला वेळ कांजीला, म्हणजे चिनीतून आलेल्या अक्षरांना, दिला, कारण तिथे मराठीचा काही उपयोग नाही. नेहमीच्या वापरातल्या कांजींची सरकारी यादीच 2,136 ची आहे.

अंकी हे कार्डांचं ॲप वापरणाऱ्यांनी एक बघा. त्यात रोजची 20 नवी कार्डं आधीच सेट असतात आणि ती तशीच ठेवली तर पुढे उजळणीच रोज साधारण 200 कार्डांवर जाते, हे त्यांच्याच मॅन्युअलमध्ये आहे. टाकी भरेपर्यंत 200 होतात का? मी नवी कार्डं 7 वर आणली, आणि लग्नसराईत सरळ शून्य, फक्त जुनं चालू ठेवायचं. नवं थांबलं तर फार बिघडत नाही, उजळणी साचली की मग ते ॲप उघडायचीच भीती वाटते.

परीक्षेवरच सगळं बेतू नका. जेएलपीटीत, म्हणजे जपानीच्या परीक्षेत, बोलायचा भागच नाही, सगळं पर्याय निवडून. एन-5 ला, म्हणजे तिच्या सगळ्यात सोप्या पातळीला, 180 पैकी 80 लागतात, पण ऐकण्यात 60 पैकी निदान 19 हवेच, नाहीतर बाकी कितीही मिळोत, नापास. म्हणून ऐकणं लोक करतात, बोलणं राहून जातं. मी एनएचके या जपानी वाहिनीच्या सोप्या बातम्या मोठ्याने वाचते, त्यात कांजीच्या डोक्यावर बारीक अक्षरात उच्चार दिलेला असतो. सासूबाईंनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं, कुठलं स्तोत्र गं हे?

होस्टेलवाला

ताई तुमचं पाण्याचं भारीच, पण माझं टाइमटेबल वगैरे काही नाही. कोरियन, ड्रामे बघून. हंगुल, म्हणजे त्यांची लिपी, आधी शिकलो, मूळ अक्षरं 24 च आहेत, पटकन येतात. मग एकच सीन आधी सबटायटल लावून, मग बंद करून, मग पॉज करत करत त्यांच्यासारखंच बोलायचं. रूममेट वैतागतो. वहीत काही नाही. परीक्षा द्यायची नाहीये भिया, मग कशाला टेन्शन.

जर्मनीची तयारी

मला परीक्षा द्यावीच लागणार होती, नवरा तिकडे आणि स्पाउस व्हिसाला ए-1, म्हणजे जर्मनची पहिली पातळी, हवं. म्हणून मी उलटीकडून गेले, आधी नमुना पेपर काढला आणि त्यात काय काय करायला लावतात तेच रोज केलं. ऐकण्याचे तीन भाग असतात, पहिला आणि तिसरा दोनदा ऐकवतात, मधला एकदाच. तर मी सरावात सगळंच एकदा ऐकायचे. बोलण्यात स्वतःची ओळख सांगितली की नावाचं किंवा एखाद्या शब्दाचं स्पेलिंग विचारतात आणि एखादा नंबर. हे सोपं वाटतं पण जे ला योट, व्ही ला फाउ, डब्ल्यू ला वे, झेड ला त्सेट, जीभ अडकतेच. भाजी चिरता चिरता घरातल्या सगळ्यांची नावं सुटी करून म्हणायचे, मग नातेवाइकांचे फोन नंबर. आकड्यांना आपल्याला सोपं जातं, आइन-उंट-त्स्वान्त्सिष म्हणजे आधी एक मग वीस, आपल्या एकवीससारखंच. डेअर, डी, दास, म्हणजे नामाचं लिंग दाखवणारे शब्द, त्यांच्यासाठी तीन रंगांची पेनं, नाम लिहायचं ते त्याच रंगात. पास व्हायला 100 पैकी 60 लागतात. झालं, व्हिसाचं चालू आहे.

रामबागचा पेन्शनर

माझं मत जरा वेगळं आहे. मोबाइलवर कार्डं करायला बसलो की पाच मिनिटांत मी व्हॉट्सॲपवर असतो. फ्रेंचसाठी मी लाइटनरची पेटी केली, सेबास्टियन लाइटनर या जर्मन पत्रकाराने 1972 मध्ये मांडलेली पद्धत. मिठाईच्या मोठ्या डब्यात पुठ्ठ्याचे पाच खण आणि जुन्या लग्नपत्रिका कापून केलेली कार्डं, एका बाजूला मराठी, मागे फ्रेंच. आलं तर पुढच्या खणात, चुकलं तर थेट पहिल्यात. पहिला खण रोज, पुढचे लांब लांब अंतराने. पाहुणे आले तर पहिला तेवढा बघायचा. नातीला तर तो खेळच वाटतो, मला नापास करायला टपलेली असते!

धागावाल्यांना: अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेचा अंदाज आहे, जपानीला सुमारे 2,200 तास वर्गात, स्पॅनिशला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. पण तो इंग्रजी मातृभाषा असलेल्यांसाठी, तेही पूर्णवेळ शिकणाऱ्यांसाठी. तो आकडा भिंतीवर लावू नका.

सुदामानगरवाली

काका, 2,200 मधले कांजीचे तास तर मराठीवाल्यांनाही तेवढेच लागणार. डब्याचा फोटो टाका ना.

रात्रपाळी

स्पॅनिशचं मी सांगतो, करतोय. उच्चारांचं टेन्शन नको, त्यांचा त आणि द आपल्यासारखाच दाताला जीभ लावून. वेळ क्रियापदांना द्या, मी, तू, तो, आम्ही सगळ्यांना वेगळं रूप आहे, आणि रूपं एकेकटी पाठ करण्यापेक्षा आज ऑफिसात काय झालं ते रोज चार ओळींत लिहा. बोलायला मला माद्रिदचा एक हिंदी शिकणारा मिळाला, अर्धा तास स्पॅनिश, अर्धा तास हिंदी, मधे मधे चुका काढायच्या नाहीत, शेवटी सांगायच्या. आपले रात्रीचे साडेदहा म्हणजे तिकडे हिवाळ्यात संध्याकाळचे सहा, तो ऑफिसातून सुटलेला असतो आणि माझी शिफ्ट सुरू व्हायची असते. फक्त मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं तासभर सरकतात, त्या आठवड्यात आधी मेसेज टाकून वेळ पक्की करा.